बघणारं माणूस

गोष्ट कुठनं सुरू करायची हे बुद्धभूषणला सहा आठवडे कळत नव्हतं. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी आपण एका बाईची मान सुरीखाली दिली, हे कळायला आणखी महिना गेला.

खरं घडलेलं तसं थोडक्यातलं होतं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली एक फौंड्री. २००३ चा जुलै, आठ दिवस पावसानं उसंत घेतली नव्हती, उघड्यावर टाकलेलं भंगार चिंब. ओलं भंगार भट्टीत टाकायचं नसतं, हे फौंड्रीतल्या मांजरालाही माहीत असतं. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी गेलं की भट्टी तोफेसारखी उडते. पण ऑर्डर तटली होती, भंगार वाळवत बसायला वेळ नव्हता, आणि मुकादम हंबीररावानं ते तसंच टाकायला लावलं. दुपारचे चार वाजले होते. भट्टी उडाली. समोर गणपती होता, मलकापूरकडचा, भट्टीवरचा सगळ्यात जुना गडी. मानेपासून मांड्यांपर्यंत भाजला. त्याला दवाखान्यात न्यायचं सोडून वाळूच्या ढिगाआड निजवला, कारण दवाखाना म्हटलं की पोलीस आले. मालकाला फोन लावून काय करू, कसं करू विचारण्यात चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात गणपती मेला. संध्याकाळी हायवेच्या कडेला त्याची एम-एटी गाडी जळालेली सापडली आणि शेजारी तो. कागदावर आलं, दारू पिऊन गाडी चालवताना अपघात. गणपतीनं आयुष्यात दारूला बोट लावलं नव्हतं. त्याच्या बायकोला, अंजनाला, आता गावात बाया विचारत होत्या, "आगं, मग तुला वास कसा आला न्हाय कधी?"

बुद्धभूषण त्याच फौंड्रीत पॅटर्न मिस्त्री होता. लोखंडाचा जो भाग ओतायचा तो आधी लाकडात कोरायचा, मग त्या लाकडाचा ठसा वाळूत घेतात, त्या साच्यात लोखंड ओततात. दहावी नापास माणूस, पण वाचनालयातलं एक कपाट संपवलेला, आणि वर्तमानपत्रांना पत्रं लिहून चार जणांचं वैर घेतलेला. भट्टी उडाली तेव्हा तो पन्नास पावलांवर, आपल्या लाकडाच्या खोलीत होता. आवाज ऐकला, किंकाळी ऐकली, आणि दाराची कडी आतनं लावली. पुन्हा उडेल म्हणून लावली, असं तो स्वतःला सांगायचा. पत्रांतला वाघ आणि कडीमागचा उंदीर एकाच कातड्यात राहतात हे त्याला त्या दिवशी समजलं, आणि तेव्हापासून त्याला नीट जेवण गेलं नव्हतं.

घडलेलं सगळं त्याला झुंबरबाईनं सांगितलं. ही फौंड्रीतली वाळू चाळणारी बाई, पन्नाशीची, नवरा मागंच गेलेला. हंबीररावच्या पत्र्याच्या खोलीत ती आणि तिची पोरगी शिवानी राहायच्या. त्या दिवशी ती जवळ होती म्हणून हंबीररावानं तिलाच गणपतीपाशी बसवलं. "ओलं पोतं घाल अंगावर. हितनं हालायचं न्हाय, कुणाला फिरकू द्यायचं न्हाय," असं बजावून तो ऑफिसात फोनकडं पळाला. चाळीस मिनिटं ढिगाआड दोघंच होती, एक मरत असलेला आणि एक बघत असलेली.

जुलै संपता संपता एकदा नळावर ती बुद्धभूषणला म्हणाली, "मिस्त्री, कुणाला तरी सांगाय पायजे बघ. डोळं मिटलं की त्येचं तोंड येतंय. शेवटाला काय म्हणला ठावं हाय? बॉक्स भरला का, म्हणला. आरं, अंगाची साल सुटल्या, आन इचारतोय काय, तर वाळूच्या साच्यात लोखंड नीट उतरलं का!"

बुद्धभूषणच्या अंगावर काटा आला. त्या काट्यातलं निम्मं दुःख होतं आणि निम्मा लेखकाचा हावरेपणा. हेही खरं आहे, आणि लपवण्यात अर्थ नाही.

"मावशी, मी हे लिहू?"

"ल्ही. पर माझं नाव दिसलं तर हिरीत उडी घीन. शिवानी रोज मुकादमाच्याच टेम्पोतनं कॉलेजला जाती. दुसरी गाडी कुठली हाय आमाला?"

"शप्पत तुमची. नाव न्हाय येणार."

लक्ष्मीपुरीत जोतीराम सरांचा छापखाना होता. निवृत्त मास्तर, सत्तरीतले, शिशाचे खिळे जुळवून छापायचं त्यांनी अजून सोडलं नव्हतं. दरवर्षी जाहिराती गोळा करून एक दिवाळी अंक काढायचे. बुद्धभूषणनं त्यांच्याकडं गोष्ट नेली तेव्हा ती गणपतीच्या जन्मापासून सुरू होत होती. शाळा, दुष्काळ, लग्न, नोकरी, भट्टी, मरण. सरांनी तिसऱ्या पानावर कागद खाली ठेवले.

"ही गोष्ट न्हवं, बाबा. हा जबाब झाला. पोलीस पाटलासमोर देतात तसला."

"खरं हाय सगळं, सर."

"खरं हाय म्हणूनच वाईट वाटतंय. कोण बघतंय हे? भिंत बघत्या का? गोष्टीला बघणारं माणूस लागतं. त्येच्या डोळ्यांत वाचणाऱ्याला बसव, मग बघ पळतो का उठून."

बुद्धभूषण घरी आला आणि एका बैठकीत गोष्ट उलटी करून टाकली. जन्म गेला, शाळा गेली. पहिल्याच ओळीत वाळूचा ढीग, आडोशाला एक बाई, तिच्या हातात ओलं पोतं. जे काही कळायचं ते तिच्या डोळ्यांना दिसेल तेवढंच. आणि शेवटची ओळ, 'बॉक्स भरला का?' बास. त्यानंतर शब्द नाही. नावं त्यानं सगळी बदलली. फौंड्री दुसऱ्या जिल्ह्यात नेली, गणपतीचा सखाराम केला, हंबीररावचा रंगराव, झुंबरबाईची अंबूबाई. सरांनी कागद शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाले, "आता छापतो."

खंडेनवमीच्या दिवशी फौंड्रीत भट्टी बंद. हत्यारं धुऊनपुसून मांडलेली, झेंडूच्या माळा, ज्या भट्टीनं माणूस खाल्ला तिलाही हळदकुंकू. बुद्धभूषण पूजा करत नव्हता, त्याच्या बापानं छप्पन साली ते सोडलं होतं. पण पटाशा घासून तोही बसला होता. हंबीरराव पेढ्यांचा पुडा घेऊन त्याच्या खोलीत आला. मागं दोन गडी.

"काय मिस्त्री, तुमच्यात खंडेनवमी न्हाय न्हवं? मग हत्यारं कशाला घासलाईसा?"

"पूजा न्हाय. पर गंजकं हत्यार कुणाच्यातच चालत न्हाय, मुकादम."

गडी हसले. हंबीररावही हसला. हसत हसतच त्यानं खिशातनं वर्तमानपत्राचा तुकडा काढला आणि पटाशांच्या शेजारी पसरला. सरांच्या दिवाळी अंकाची जाहिरात होती. आत काय काय आहे त्याची यादी, आणि मधोमध ठळक अक्षरात: 'सत्य घटनेवर आधारित थरारक कथा: भट्टी. लेखक बुद्धभूषण.' ही ओळ सरांनी न विचारता टाकलेली. खप वाढावा म्हणून.

"ह्यो बुद्धभूषण कोण म्हणायचा?"

"मीच की."

"आन घटना कुठली वो?"

"दुसऱ्या जिल्ह्यातली हाय."

"आसंल की. मी कुठं न्हाय म्हणतोय." हंबीररावानं गड्यांना डोळ्यानं बाहेर घातलं आणि एक पेढा बुद्धभूषणच्या हातावर ठेवला. "मला वाचायची लई आवड. पयला अंक मीच घेणार बघा. आता आपल्याकडं जे झालं, ते ढिगामागं दोघांनाच ठावं. एक गेला, एक माती चाळत्या. मी सोता फोनपाशी हुतो, मला बी म्हाईत न्हाय तो काय बोलला. अंकात काय बोलणं निघालं, तर कुणाच्या तोंडातनं निघालं ते शेंबड्या पोराला बी कळंल. व्हय का न्हाय?"

बुद्धभूषणच्या हातावरचा पेढा चिकट झाला.

"झुंबरबाईची शिवानी लई हुशार हाय," हंबीरराव दारात वळून म्हणाला. "रोज म्होरल्या शीटवर बसवतो मी तिला. एकटीच आसती. पेढा खावा."

तो गेला. बुद्धभूषण तसाच उभा. त्याच्या धंद्यात एक लबाडी चालते. दुसऱ्या कारखान्याचा पॅटर्न ढापला की त्याच्यावरचा नंबर घासून काढायचा. पण कुठल्याही जुन्या कारागिराच्या हातात ते लाकूड द्या, तो नुसत्या घडणीवरनं सांगतो हे कुणाचं. बुद्धभूषण स्वतः अशा घासणाऱ्यांना हसलेला. आणि त्यानं काय केलं होतं? झुंबरबाईचा नंबर घासून अंबूबाई लिहिलं होतं, आणि घडण तशीच ठेवली होती. ढीग तोच, पोतं तेच, ओळ तीच. जी ओळ गोष्टीचा जीव होती, तीच ओळ हंबीररावला बोट धरून तिच्या खोलीपर्यंत नेणार होती.

तो मिळेल त्या वडापनं कोल्हापुरात आला. जीपमधल्या अकराव्या माणसाच्या गुडघ्यावर बसून आला. दर थांब्याला मागं वळून बघत होता. छापखान्यातही मशीनला माळा घातल्या होत्या, खिळ्यांच्या पेट्यांवर फुलं. दसरा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, ही सरांच्या वडलांपासूनची चाल.

"सर, थांबवा."

सरांनी ऐकून घेतलं. घाम पुसला. "तुझ्या गोष्टीची पयली सोळा पानं छापून झाली. गठ्ठे बांधलेत. शेवटचा फर्मा, सतराव्या पानाचा, तेवढा मशीनवर हाय, पूजेमुळं राहिला. परवा छापला असता."

"म्हंजे शेवटचं पान अजून हाय?"

"शेवटचं पान हाय. ती ओळ काढू या. अंबूबाई नुसती बसलेली दाखव, तो गप मरू दे."

बुद्धभूषण स्टुलावर बसला. ओळ काढायची म्हणजे एवढंच राहणार होतं की एक माणूस जळाला. अंजना परवाच भेटली होती, म्हणाली होती, दादा, ते प्यालेले न्हवते एवढं कुणीतरी म्हणा. प्यालेला माणूस साचा भरला का विचारत नाही. ती ओळ नुसती चांगली नव्हती, तेवढीच गणपतीच्या बाजूची होती. ठेवली तर शिवानी त्या म्होरल्या शीटवर, काढली तर गणपती जन्मभर दारुडा. आणि पहिली सोळा पानं छापलेली, अंबूबाई त्यांत वाळूपाशी बसलेली. तिला आता उठवता येत नव्हतं.

"उठवता येती," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"शेवटच्या पानावर अंबूबाई उठती. पाणी आणाय जाती. तेवढ्यात पॅटर्नच्या खोलीतनं मिस्त्री येतो आन त्येच्यापाशी बसतो. बोलणं त्यो ऐकतो. आन सर, मिस्त्री लिहायचं न्हाय. मी लिहायचं. मी आलो. मी बसलो. मी ऐकलं."

सरांनी चष्मा काढला. "आरं, सोळा पानं ती, ती, ती, आन सतराव्या पानावर मी? वाचणारा म्हणंल लेखकाला झटका आला. घडणच मोडली की."

"मोडू दे."

"आन तू हुतास का तिथं?"

बुद्धभूषणनं कोरा कागद ओढला आणि लिहायला घेतलं. सरांनी त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही. मग सत्तर वर्षांचा तो माणूस उठला, पेटीवरची फुलं दोन्ही हातांनी उचलून देव्हाऱ्याशी ठेवली, मशीनवरची माळ काढली. "आमच्या बापानं हे कधी केलं न्हवतं," एवढंच पुटपुटला आणि खिळे जुळवायला बसला.

दसरा झाल्यावर पहिल्या पाळीला बुद्धभूषण चाळणीपाशी गेला. भोवती कोणी नाही असं तीनदा बघितलं.

"मावशी, नीट ऐका. त्या दिवशी तुम्ही पाणी आणाय गेलतीसा."

"कवा?"

"गणपतीजवळ बसलतीसा तवा. तुम्ही टाकीवर गेला, आन मी येऊन बसलो. बॉक्स भरला का, ते त्यो मला म्हणला. तुम्ही काय ऐकलं न्हाय. कुणी इचारलं तर हेच."

झुंबरबाईनं चाळणी खाली टाकली. "तू कुठं आलतास रं? कडी लावून बसलेलास तू. आख्ख्या फौंड्रीला ठावं हाय."

"मुकादमाला काय ठावं हाय ते महत्त्वाचं. त्यो फोनपाशी हुता."

तिचा आवाज बारीक झाला. "पाणी आणाय गेले आसं ल्हिलंस व्हय?"

"व्हय."

"त्यो पाणी मागत हुता, मिस्त्री. तीनदा मागितलं. टाकी वीस पावलं. मी उठले न्हाय. मुकादम म्हणलेला, हालायचं न्हाय. म्हणून न्हाय उठले." पदरानं तोंड पुसून तिनं चाळणी पुन्हा उचलली. "तुला हे सांगितलं न्हवतं मी. कुणालाच न्हाय."

वाळू पडत राहिली.

दिवाळीच्या आठ दिवस आधी अंक बाजारात आला. दोन दिवस काही झालं नाही, आणि ते दोन दिवस सगळ्यात वाईट होते. बुद्धभूषण दर आवाजाला दचकायचा. पटाशी दोनदा बोटात घुसली. डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. बोलावलं तर काय बोलायचं ते मनात घोकायचा, आणि घोकताना आपण खरंच त्या दिवशी गेलो होतो असं त्याला वाटायला लागायचं. मग दाराची कडी दिसायची.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला, चारच्या ठोक्याला, हंबीररावाचा आवाज आला. "मिस्त्री! भाईर या जरा."

वाळूच्या ढिगापाशी हंबीरराव उभा होता, हातात अंकाची सुरळी. चहा पिणारे आठदहा गडी भोवती गप्प. झुंबरबाई चाळणी धरून खाली बसलेली. बुद्धभूषणला पन्नास पावलं चालायची होती. तो चालला.

"वाचली गोष्ट," हंबीरराव म्हणाला. "झ्याक हाय. शेवटाला जरा घोटाळा झालाय, पर झ्याक." मग तो झुंबरबाईकडं वळला. "काय गं झुंबरे, अंबूबाई पाणी आणाय गेली म्हणं. तू कुठं गेलतीस त्या दिवशी?"

झुंबरबाईनं मान वर केली नाही. बुद्धभूषणला वाटलं, ती आता म्हणेल, नाही, मी उठलेच नाही. खरं बोलायची सवय असलेली बाई होती.

"बोल की. दातखीळ बसली?"

"पाणी आणाय गेलते," ती म्हणाली. "टाकीवर."

"तुला हालू नको म्हणलेलो मी."

"त्यो मागत हुता."

"आन परत आलीस तवा?"

तिनं बुद्धभूषणकडं बघितलं. पहिल्यांदाच. "ह्यो बसलेला. त्येच्यापाशी."

"मग पाजलंस का पाणी?"

तिनं टाकीकडं बघितलं. "पाजलं," ती म्हणाली, आणि ढसाढसा रडायला लागली. हंबीररावला ते रडणं भीतीचं वाटलं. गड्यांनाही तसंच वाटलं.

हंबीरराव बुद्धभूषणच्या पुढ्यात आला. तंबाखूचा वास तोंडावर आला. खंडेनवमीला असलेलं अहो-जाहो आता गेलं होतं. "पोरं म्हणत हुती, तू कडी लावून बसलेलास."

"लावलेली," बुद्धभूषण म्हणाला. "मग काढली. आलो."

"काय बघितलंस?"

"ओलं भंगार बघितलं. चाळीस मिनिटं बघितली. त्यो शुद्धीवर हुता, प्यालेला न्हवता. ल्हिलंय ते सगळं."

"आन हेच उद्या कुणी कागदावर इचारलं तर?"

गड्यांतल्या कुणाचा तरी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. बुद्धभूषणला अजून मागं फिरता येत होतं. गोष्ट आहे हो मुकादम, मनचं आहे, हसून म्हटलं की संपलं. आणि मग हंबीररावाची नजर सरळ चाळणीवर गेली असती.

"सांगीन की," तो म्हणाला. "मीच हुतो म्हणल्यावर मलाच सांगाय पायजे."

हंबीररावानं अंकाची सुरळी त्याच्या खिशात खोचली, हळू, जपून. "मग चल. मालकानं बोलावलंय तुला. जीपमधे बस."

फाटकातनं मुकादमाचा टेम्पो कॉलेजवरनं आत आला. म्होरल्या शीटवरनं शिवानी उतरली, दप्तर काखेत मारून आईकडं चालत आली. हंबीररावाच्या अंगावरनं गेली, पण त्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्याचे डोळे बुद्धभूषणवरनं हलत नव्हते.

बुद्धभूषण जीपच्या मागच्या बाकावर चढला. दोन्ही बाजूंनी दोन गडी बसले, मांडीला मांडी लावून. त्याला गणपतीची एम-एटी आठवली. हायवे इथून दोन मिनिटांवर होता. ड्रायव्हरनं चावी फिरवली.

"थांब रं," झुंबरबाईचा आवाज आला. ती टाकीकडनं येत होती. तोंड पुसलेलं, हातात भरलेला तांब्या, पावलोपावली पाणी हिंदकळत होतं. हंबीरराव म्हणाला, "ए, जागेवर बस, हालू नको म्हणलं ना!" ती थांबली नाही. सगळ्या फौंड्रीसमोर वीस पावलं चालत जीपपाशी आली आणि तांब्या आत धरला.

"मिस्त्री, पाणी पिऊन जा."

त्यानं तांब्या दोन्ही हातांनी धरला. तिनंही तो सोडला नाही.